शौकाची वही

माझ्याकडे चार वह्या आहेत. 1991 पासून केवळ शौक म्हणून जी पुस्तकं वाचली, त्यांची नोंद या वह्यांत आहे. परीक्षेसाठी वाचलेली, शाळेत शिकवायला लागणारी, भाषणासाठी खुणा करून ठेवलेली किंवा लेखाला आधार म्हणून चाळलेली पुस्तकं त्यांत नाहीत. आजवर नोंदी 1,100 च्या वर गेल्या आहेत. वर्षाला सरासरी 33 पडतात. खूप वाचणाऱ्यांच्या मानानं हा आकडा काहीच नाही. पण वहीला आकड्याची घाई कधीच नव्हती.

एका पुस्तकाला दोन ओळी. वाचून संपल्याची तारीख, पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव, प्रकाशक, आणि पुस्तक कुठून आलं ते. म्हणजे वाचनालयातून, रद्दीतून, दोस्ताकडून, की पदरचे पैसे मोजून. शेवटी एक शेरा. शेऱ्यात पुस्तकाचं सार लिहायचं नाही, हा नियम मी पहिल्याच वर्षी केला. सार पुस्तकात असतंच. शेऱ्यात माझं काय झालं ते लिहायचं. 'रात्री दोनपर्यंत जागा.' 'शेवटची वीस पानं स्टँडवर संपवली, गाडी गेली.' 'कंटाळलो, पण सोडवेना.' असे ते शेरे. अर्धवट सोडलेल्या पुस्तकांसाठी वहीच्या मागच्या बाजूनं वेगळी पानं आहेत. सोडलं त्या पानाचा क्रमांकही तिथं आहे.

हे सगळं कशासाठी, असं अनेकांनी विचारलं. सगळ्यात आधी अम्मीनं विचारलं होतं. "कायकू लिखता रे ये सब? खांदे पे दो फरिश्ते बैठे हैं ना लिखने को." माणसाच्या बऱ्यावाईट प्रत्येक कृत्याची नोंद दोन फरिश्ते ठेवतात, ही मुसलमान घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असलेली गोष्ट. मी म्हणालो, "अम्मी, वो अच्छा-बुरा लिखते. मज्जा आया क्या नहीं, वो मैं लिखता." ती हसली आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागली.

सुई-दोरा कपड्यांचा नव्हता, पुस्तकं शिवण्याचा होता. या वह्यांचं मूळ आमच्या घरच्या धंद्यात आहे, म्हणून तो थोडा सांगतो. अब्बा बाइंडर होते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. दुकानदारांची खतावणी, मशिदीतले जुने कुराणाचे पारे, शाळेची हजेरीपुस्तकं असं काहीबाही काम यायचं. पण वर्षातून दोनदा गावच्या वाचनालयाचे गठ्ठे यायचे आणि तेच खरं मोठं काम असायचं.

जुनं पुस्तक बांधायला घेतलं की आधी त्याचा फाटका पुठ्ठा उतरवायचा, जुना दोरा कापायचा, फर्मे सुटे करायचे. फाटलेल्या कडांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावायच्या. मग पुन्हा जुजबंदी, म्हणजे एकेक फर्मा दोऱ्यानं शिवत जायचं. मग दाबात ठेवायचं, कडा कापायच्या, नवा पुठ्ठा, पाठीला कापड, वर अबरीचा कागद. खळ मैद्याची. किडा लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचं. मोरचुदाची निळी झाक अब्बांच्या नखांतून कधी गेली नाही.

वाचनालयाचा गठ्ठा सोडला की गाव काय वाचतं ते दिसायचं. कारण बांधायला येतात ती फाटलेली पुस्तकं, आणि फाटतात ती वाचली जाणारी. थोरामोठ्यांची चरित्रं, समग्र वाङ्मयाचे खंड, देणगीदाखल मिळालेले ग्रंथ हे आमच्याकडे फारसे आले नाहीत. त्यांची पाठ वर्षानुवर्षं ताठ होती. यायचे ते बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, धनंजय आणि काळापहाड. बाबा कदम, चंद्रकांत काकोडकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, नारायण धारप, सुहास शिरवळकर. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यांतल्या कितीतरींचं शेवटचं पान गळून गेलेलं असायचं आणि खुनी कोण हे अब्बांना वाचनालयाच्या शिपायाला विचारावं लागायचं.

पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून तारखांची चिठ्ठी डकवलेली असते. पुस्तक परत करायच्या तारखेचे शिक्के तिच्यावर. अब्बा आधी ती चिठ्ठी बघायचे. चिठ्ठी शिक्क्यांनी भरून वर दुसरी, तिसरी डकवलेली असली, तर ते पुस्तक जाड दोऱ्यानं शिवायचे. "ये फिर आयेगा," म्हणायचे. बांधणी झाली की नवी कोरी चिठ्ठी लागायची. जुन्या चिठ्ठ्या कचऱ्यात जायच्या. कडा कापताना समासात वाचकांनी लिहिलेलंही जायचं. 'फक्कड!' 'शेवट आधी बघू नका.' 'नायिका मूर्ख आहे.' गावानं किती रात्री कशाच्या नादात काढल्या, याचा एवढाच काय तो पुरावा. तो आमच्या खोलीत झाडूनं गोळा व्हायचा आणि चुलीत जायचा. त्यात कुणाचा दोष नव्हता. बांधणीची रीतच ती.

मी वीस वर्षांचा झालो तेव्हा अब्बांनी उरलेल्या कोऱ्या कागदांची एक जाडजूड वही बांधून दिली. हिशेब लिही म्हणाले. शिकवण्यांचे तुटपुंजे पैसे यायचे, त्यांचा हिशेब दोन पानांत आटपला. तिसऱ्या पानापासून मी पुस्तकं लिहायला लागलो. त्या कापल्या जाणाऱ्या समासांतून ही कल्पना सुचली असावी.

पुढं वाचन वाढलं तसं लक्षात आलं की ही खोड फार जुनी आहे, आणि आपल्याच वारशात तिचे धागे आहेत. बगदादचा इब्न नदीम हा वर्राक, म्हणजे हस्तलिखितांच्या नकला करून विकणाऱ्या घराण्यातला. त्यानं हिजरी 377 मध्ये, म्हणजे इसवी सन 987 च्या सुमारास 'अल-फिहरिस्त' नावाची यादी लिहिली. अरबीत उपलब्ध असलेल्या सगळ्या विद्यांच्या ग्रंथांची ती नोंद आहे. कुराण, व्याकरण, फिकह, तत्त्वज्ञान, वैद्यक असे दहा भाग. मला त्यातला आठवा भाग आवडतो. तिथं रात्री जागवणाऱ्या किश्श्यांची, जादूटोण्याच्या आणि मनोरंजनाच्या पुस्तकांची नोंद आहे. 'हजार अफसाना' हे फारसी कथांचं पुस्तक आपण पाहिल्याचं तो सांगतो आणि त्याबद्दल त्याचं मत काही बरं नाही. तरीही त्यानं ते नोंदवलं. आज 'हजार अफसाना' कुठंही शिल्लक नाही. 'अलिफ लैला'च्या मुळाशी असं एक पुस्तक होतं, हे जगाला कळतं ते अशा जुन्या नोंदींमुळं. नाक मुरडत का होईना, पुस्तकविक्याच्या मुलानं यादीत ओळ लिहिली म्हणून.

जुन्या अरबी हस्तलिखितांवर आणखी एक गोष्ट सापडते. वाचणारा पहिल्या किंवा शेवटच्या पानावर लिहून ठेवायचा की अमुकच्या मुलानं तमुक साली याचा मुतालआ केला. उर्दूत आपण वाचनाला 'मुताला' म्हणतो, तोच हा शब्द. दमास्कस-कैरोच्या अशा नोंदींवरून आज अभ्यासक त्या काळी कोण वाचत होतं, ते शोधतात. त्यांत मोठमोठे आलिम आहेत, तसे बाजारातले कारागीरही आहेत. ओळ एवढीशी, पण तो माणूस वाचत होता, याची आज दुसरी साक्ष नाही.

मराठीत हे काम सतीश काळसेकरांनी फार मनापासून केलं. कवी माणूस, पण वाचणारा म्हणून लिहिला. 'वाचणाऱ्याची रोजनिशी' या त्यांच्या पुस्तकाला 2013 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा मला स्वतःला काही मिळाल्यासारखा आनंद झाला होता. वाचकाच्या नोंदींनाही साहित्याच्या पंगतीत पाट मिळतो, हे त्या दिवशी दिसलं. पण ती रोजनिशी लोकांसाठी लिहिलेली आहे. माझी वही तशी नाही. ती कुणाला दाखवायची म्हणून लिहिली असती, तर तिच्यात झुंजारच्या जागी कीर्केगार्द आला असता.

दाखवायचा मोह झाला नाही असं नाही. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला आयुष्यात दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला प्रश्न बाहेरून येतो. कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी भला माणूस जवळ येतो आणि कौतुकानं म्हणतो, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" त्याच्या मनात वाईट नसतं. पण आमच्या घरात तीन पिढ्या मराठी पुस्तकं शिवून पोट भरलं, हे त्याला कुठून सांगायचं? दुसरा प्रश्न आतून येतो. नात्यातले बुजुर्ग विचारतात, "नाविल पढ के क्या फायदा?" कुणाला माझं वाचन नवल वाटतं, कुणाला वाया गेलेला वेळ.

दोन्ही वेळा वाटायचं, वही काढून समोर ठेवावी. हे बघा. शेख महंमदापासून हमीद दलवाईंपर्यंत सगळं आहे. मग वही उघडून पाहिलं की कळायचं, ही वही पुरावा म्हणून कुचकामी आहे. दलवाईंच्या 'इंधन'ची नोंद दोनदा आहे. पहिल्या वेळचा शेरा: 'झोप लागली नाही.' दुसऱ्या वेळचा: 'या वेळी फक्त कोकणासाठी.' मुस्लिम प्रश्नावर एक अक्षर नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ला शेरा आहे: 'आयबूला भेटावंसं वाटतं.' आयबू मुसलमान आहे म्हणून नव्हे. त्या वाडीत मास्तराला जो सोबती मिळाला, तसा सोबती मलाही पहिल्या नोकरीच्या गावी हवा होता म्हणून.

या वहीत मी कुणाचा प्रतिनिधी नाही. बाहेर मी सतत कुणातरी समाजाच्या वतीनं बोलत असतो, खुलासे देत असतो, गैरसमज दूर करत असतो. ते करावं लागतं आणि मी करतो. त्या कामासाठीही वाचतो, पण ती पुस्तकं वेगळ्या कपाटात आणि त्यांची टिपणं वेगळ्या फायलींत. शौकाच्या वहीत मला कुणी काही विचारलेलं नाही. तिथं मी उत्तर द्यायला बांधील नाही. एवढी एक जागा माणसाला हवी.

आणि गंमत अशी की पुरावा म्हणून लिहिली नाही, म्हणूनच ती खरी साक्ष ठरते. वर्षं सरली तशी वही मला माझ्याबद्दल अशा गोष्टी सांगायला लागली, ज्या मी मुद्दाम लिहिल्या नव्हत्या.

उदाहरणार्थ, रमजान. रोज्यांच्या महिन्यात शौकाचं वाचन कमी होतं. त्या दिवसांतलं कुराणाचं वाचन, तरजुमे, तफसीर यांची नोंद या वहीत मी करत नाही. ते वाचन वेगळं आणि त्याचा हिशेब ठेवणारे वेगळे. त्यामुळं दरवर्षी वहीत महिनाभराचं एक विरळ पान दिसतं. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं, म्हणून ते पान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागं सरकतं. 1991 मध्ये ते मार्च-एप्रिलात होतं. 2000 मध्ये डिसेंबरात, 2010 मध्ये ऑगस्टात, 2015 मध्ये जून-जुलैत. 2024 मध्ये ते फिरून मार्च-एप्रिलात आलं. चार वह्या शेजारी मांडल्या तेव्हा हे दिसलं. चंद्राचा 33 वर्षांचा एक अख्खा फेरा माझ्या वाचनातून फिरून गेला होता.

त्या विरळ पानांत मधूनच एखादी रहस्यकथा डोकावते. त्यापुढं शेरा असतो: 'रोजा बहलवायला.' असरनंतर इफ्तारपर्यंतचा वेळ जाता जात नाही, तेव्हा लहान मुलांना खेळात गुंतवतात त्याला आमच्याकडे रोजा बहलाना म्हणतात. मी पन्नाशीतही गुप्तहेरांच्या जिवावर रोजा बहलवतो.

या रहस्यकथांनीच मला उर्दू दिली. घरी आम्ही दखनी बोलायचो, शाळा मराठी. कुराण वाचता यायचं म्हणून अक्षरं ओळखीची होती, पण नस्तालीक लिपीतलं उर्दू पान समोर आलं की डोळे अडखळायचे. 2004 साली जिद्दीनं बसलो. लोकांना वाटतं गालिबसाठी शिकलो असेन. वहीत उर्दूची पहिली नोंद आहे इब्ने सफी यांची. मूळचे असरार अहमद, जन्म 1928, अलाहाबाद जिल्हा. 1952 मध्ये अलाहाबादेतून त्यांची 'जासूसी दुनिया' सुरू झाली. त्याच वर्षी ते कराचीला गेले, 1955 मध्ये इम्रानची मालिका आली आणि पुस्तकं सीमेच्या दोन्ही बाजूंना वाचली जात राहिली. हिंदी आवृत्त्यांत त्यांचा फरीदी 'विनोद' झाला आणि इम्रान 'राजेश'. इकडं मराठीत शिरवळकरांचा फिरोज इराणी आणि दारा बुलंद त्याच नावांनी घरोघर वाचले जात होते. यावरून मोठा सिद्धान्त मांडायचा नाही. वहीत शेरा एवढाच आहे: 'एका पानाला पंधरा मिनिटं लागली. खुनी कळेपर्यंत उर्दू आली.' गालिब दोन वर्षांनी आला. पुढची सगळी उर्दू, इस्मत, मंटो, कुर्रतुलऐन हैदर, त्या इम्रानच्या पाठीवर बसून आली.

वहीत काय नाही, तेही वही सांगते. 6 डिसेंबर 1992 नंतर आठ आठवडे एकही ओळ नाही. त्या दिवसांत आम्ही संध्याकाळी दुकान लवकर लावून घ्यायचो आणि रेडिओ ऐकत बसायचो. पुस्तकं घरात पडून होती, पण हात जात नव्हता. मग 1 फेब्रुवारी 1993 ची नोंद. चि. वि. जोशींचं 'चिमणरावाचे चऱ्हाट', वाचनालयाच्या गठ्ठ्यातलं. शेरा: 'हसलो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून उशीत तोंड घातलं.' त्या काळाबद्दल मी नंतर अनेक लेख लिहिले, पुष्कळ वाचलंही. पण त्या दोन महिन्यांत घराला काय झालं होतं आणि त्यातून बाहेर कसे आलो, हे या ओळीइतकं मला कुठल्याच लेखात सांगता आलेलं नाही. हसताना आवाजाची भीती वाटली होती, हे मी विसरून गेलो होतो. वही विसरली नाही.

चार्ल्स डार्विननं 1838 ते 1860 अशी बावीस वर्षं वाचलेल्या आणि वाचायच्या पुस्तकांच्या याद्या ठेवल्या. पुढं आत्मचरित्रात त्यानं लिहिलं की तरुणपणी कवितेत रमणाऱ्या आपल्याला उतारवयात कविता सोसवत नाही, मात्र कादंबऱ्या घरच्यांकडून वाचून घेण्यात फार सुख वाटतं, आणि तिचा शेवट गोड हवा. हे वाचलं तेव्हा मी माझ्या वह्या काढल्या. 2011 ते 2016 या पाच वर्षांत कवितासंग्रह एकही नव्हता. मला त्याचा पत्ताही नव्हता. कुणी विचारलं असतं, तर कविता वाचतो असंच मी सांगितलं असतं. वहीनं दाखवल्यावर पुन्हा वाचायला लागलो. शौकही झाडासारखा असतो. एखादी फांदी सुकते, तेव्हा झाडाखाली बसलेल्याला कळत नाही.

हल्ली हे काम मोबाइलवर होतं. गुडरीड्स 2007 मध्ये सुरू झालं, 2013 मध्ये ते अ‍ॅमेझॉननं घेतलं. माझी मुलगी तिथं नोंद ठेवते आणि चांगली ठेवते. शोधायला सोपं, हरवायची भीती कमी. माझी तक्रार यंत्राबद्दल नाही. पण तिथं वर्षाच्या सुरुवातीला किती पुस्तकं वाचणार याचा आकडा जाहीर करता येतो आणि डिसेंबर जवळ आला की माणूस बारीक पुस्तकं शोधायला लागतो. तिला मी एवढंच म्हणालो, "बेटा, तारे द्यायचे तर दे. पण खाली एक ओळ फक्त तुझ्यासाठी लिही. ते पुस्तक तू कुठं बसून वाचलंस ते." ती आता लिहिते. परवा तिनं एक ओळ दाखवली. 'लेडीज डब्यात, उभ्यानं, पनवेल येईपर्यंत.' दहा वर्षांनी तिला त्या पुस्तकातलं काही आठवो न आठवो, तो डबा आठवेल.

वही ठेवायची असेल तर फार नियम नकोत. नियम वाढले की शौकाचं घरकाम होतं. पुस्तक संपलं त्याच दिवशी लिहावं, कारण आठवड्यानं शेरा खोटा होतो. हलकं-भारी असा भेद करू नये. पुन्हा वाचलं तर पुन्हा नोंद करावी. प्रकाशकाचं नाव लिहावं, कारण मराठी पुस्तकं छापील बाजारातून लवकर दिसेनाशी होतात आणि पुढं जुन्या पुस्तकांच्या दुकानात शोधताना तेवढाच धागा हातात राहतो. आणि पुस्तक कुणाला दिलं तेही लिहावं. परत येत नाही, पण कुठं सुखात आहे ते कळतं.

आता अम्मीबद्दल. खरं तर हा लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला.

अम्मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली. आमच्या घरात सगळ्यात जास्त वाचलं ते तिनं. पुस्तक सुटं होऊन तिच्यासमोर यायचं आणि ती एकेक फर्मा शिवत जायची. शिवता शिवता वाचायची. हाताशी जो फर्मा येईल तो. कधी नायिकेचं लग्न आधी व्हायचं आणि ओळख नंतर. पुस्तक दाबात गेलं की उरलेलं वाचायला ते परत बाहेर येईपर्यंत तिला चैन पडायची नाही. अब्बा म्हणायचे, आपल्या घरात पुस्तकाला दोन दिवस जास्त लागतात, एक दिवस खळ वाळायला आणि एक दिवस तुझ्या अम्मीला.

2009 च्या पावसाळ्यात ती गेली. त्यानंतर माझ्या वहीत चार महिने काही नाही. माणसं भेटायला यायची, आठवणी निघायच्या. तिच्या हातची खिमा-खिचडी कशी व्हायची, कुणाच्या लग्नात ती किती राबली, ती किती नमाजी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती काय वाचायची, हे कुणी बोललं नाही. बोलणार कुठून? कुणी तिला कधी विचारलं नव्हतं. वाचनालयाची ती सभासद नव्हती, तिच्या नावावर एकाही चिठ्ठीवर शिक्का नव्हता. तीस वर्षं हे बाईमाणूस वाचत होतं आणि त्याची कुठंही नोंद नाही. मराठी मुसलमान बायका काय वाचायच्या, असा विषय उद्या कुणी अभ्यासाला घेतला, तर त्याला पानं कोरी मिळतील आणि तो लिहील की त्या वाचत नव्हत्या.

त्या डिसेंबरात मी पहिल्या वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तिची यादी लिहायला बसलो. भावाला, बाजीला फोन केले. आठ नावं जमली. ज्योत्स्ना देवधरांची 'घर गंगेच्या काठी'. साने गुरुजींची 'श्यामची आई', जी शिवताना तिनं दोनदा सुई बोटात खुपसून घेतली. 'बनगरवाडी'. झुंजारच्या दोन, धारपांची एक, जी वाचून ती आठवडाभर रात्री परसात एकटी गेली नाही. बाबा कदमांची एक, शैलजा राजे यांची एक. प्रत्येकीपुढं शेरा लिहिला, तिला काय झालं होतं त्याचा. अब्बांनी ते पान पाहिलं आणि काही न बोलता त्याच्या कडेला पातळ कागदाची पट्टी लावून दिली, फाटू नये म्हणून.

नववी ओळ अर्धीच आहे. त्या पुस्तकाचं नाव कुणालाच आठवत नाही. एका विधवेनं गिरणीच्या चाळीत खानावळ घातलेली असते आणि रोज एक गिऱ्हाईक न जेवता डबा घेऊन जात असतं, एवढंच अम्मी सांगायची. शेवटचा फर्मा तिला मिळालाच नाही, तो आधीच हरवलेला होता. तो डबा कुणासाठी जायचा, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. ती दर थोड्या दिवसांनी स्वतःच नवा शेवट जोडून सांगायची. मी सोलापूर, पुणे, लातूरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडं विचारलं. साठ-सत्तरच्या दशकातली कादंबरी असावी. कुणाला ओळखीची वाटली तर जरूर कळवा.

आणि तुमच्या घरात अजून कुणी अम्मी, आजी, नानी, काकी असेल, तर आज संध्याकाळी चहाच्या वेळी तिला विचारा की तू काय काय वाचलंस आणि त्यात मजा कशात आली. कागद-पेन जवळ ठेवा. पहिल्यांदा ती म्हणेल, मी कुठं काय वाचलंय. थोडा वेळ बसून राहा.